व्हॉयव्होदिनातले क्रोएट स्वखुशीने कमी झाले का?

सर्बियातील, मुख्यतः त्याच्या उत्तरेकडील व्हॉयव्होदिना या स्वायत्त प्रांतातील, क्रोएट अल्पसंख्याकांविषयी एक दावा समाजमाध्यमांवर सतत पसरवला जातो. त्याचा आशय असा : या लोकांना कोणी हाकलले नाही, ते घरांची अदलाबदल करून आपणहून गेले, उरलेल्यांची घट नैसर्गिक आहे, आणि भाषा, परिषद, मंत्रिपद हे सारे मिळाल्यावरही संरक्षण मागणे हा कांगावा आहे.

पहिला मुद्दा सर्वांत गंभीर आहे. युगोस्लाव्हिया फुटत असताना, 6 मे 1992 रोजी व्हॉयव्होदिनाच्या स्रेम भागातील हर्तकोव्त्सी गावात कट्टर सर्ब राष्ट्रवादी नेते व्होयिस्लाव शेशेल यांनी जाहीर सभेत क्रोएटांनी गाव सोडून जावे असे बजावले. त्यापुढच्या महिन्यांत धमक्या आणि दहशतीखाली अनेक कुटुंबांनी क्रोएशियातून आलेल्या सर्ब निर्वासितांशी घरे बदलून घेतली. कागदांवर सह्या आहेत, हे खरे. परंतु दारात धमकावणारे उभे असताना केलेल्या सहीला संमती म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणाने 2016 मध्ये शेशेल यांना निर्दोष सोडले होते, आणि तोच निकाल आजही पुरावा म्हणून दाखवला जातो. 11 एप्रिल 2018 रोजी अपिलात तो अंशतः फिरवला गेला आणि नेमक्या याच भाषणावरून, हद्दपारी व छळाला चिथावणी दिल्याबद्दल, त्यांना 10 वर्षांची शिक्षा झाली, हे मात्र सांगितले जात नाही. आलेली सर्ब कुटुंबेही घरदार गमावूनच आली होती, आणि त्यांचे दुःख नाकारण्याचे कारण नाही. पण एका विस्थापिताच्या दुःखाने दुसऱ्याचे विस्थापन ऐच्छिक ठरत नाही.

आता घटीविषयी. जनगणनेनुसार सर्बियात 2002 मध्ये 70,602 क्रोएट होते, 2022 मध्ये 39,107 उरले. याच काळात देशाची एकूण लोकसंख्या सुमारे 11 टक्क्यांनी घटली, क्रोएटांची मात्र जवळजवळ 45 टक्क्यांनी. वृद्धत्व आणि क्रोएशियाच्या पासपोर्टवर युरोपीय संघात होणारे स्थलांतर ही कारणे खरी आहेत, तरी एवढा फरक निव्वळ ‘नैसर्गिक’ म्हणून सोडून देता येणार नाही. काही जण म्हणतात, की हे लोक आता स्वतःला बुन्येव्त्सी (याच भागातला, क्रोएटांशी जवळचा मानला जाणारा कॅथलिक समाज) नोंदवतात. तशी नोंद करण्याचा हक्क प्रत्येकाला आहेच. परंतु बुन्येव्त्सींची संख्याही त्याच काळात 20,012 वरून 11,104 वर आली, तेव्हा हे स्पष्टीकरण टिकत नाही.

हक्कांबाबत दाव्यात अर्धे सत्य आहे. व्हॉयव्होदिनात क्रोएशियन ही सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे, सुबोतित्सा शहरात क्रोएट समाजाची राष्ट्रीय परिषद आहे, ‘ह्र्वात्स्का रियेच’ हे क्रोएशियन साप्ताहिक निघते. 2022 मध्ये क्रोएट नेते तोमिस्लाव झिग्मानोव्ह सर्बियाचे मंत्रीही झाले. मात्र मंत्रिपद सरकारच्या मर्जीवर असते, हक्क कायद्यावर. 2004 च्या द्विपक्षीय करारात क्रोएशिया आणि तेव्हाचे सर्बिया-माँटेनेग्रो या दोन्ही देशांनी परस्परांच्या अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व देण्याचे मान्य केले. क्रोएशियाच्या संसदेत सर्बांसाठी 3 जागा राखीव आहेत. सर्बियाच्या 250 सदस्यांच्या संसदेत क्रोएटांसाठी एकही नाही. अल्पसंख्याकांच्या यादीला मतांच्या किमान टक्केवारीची अट शिथिल आहे खरी, पण विखुरलेल्या, घटत्या समाजाला स्वबळावर एक जागा मिळवण्याइतकी मते जमवणे फार अवघड जाते. ही एक राखीव जागा मागणे म्हणजे लिहून दिलेल्या वचनाची पूर्तता मागणे होय.