बोर्ड जोडलेला ठेवून मोजा की!

टाकीवरचा बोर्ड सारखा रीसेट झाला, की लोक म्हणतात, "पाच व्होल्ट बरोबर येतायत, बोर्डच खराब आहे." किती वेळा ऐकायचं हे? पाच मोजले कुठे? अडॅप्टरच्या तोंडाशी, तेही बोर्ड काढून! टाकीवरचा ईएसपी32, म्हणजे वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड, वायफायवर डेटा पाठवताना 300 मिलिअँपिअर सहज खेचतो. 24 एडब्ल्यूजीची (हे वायरच्या जाडीचं माप, ही बारीक वायर) 10 मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन 20 मीटर, जवळजवळ पावणेदोन ओहम. अर्धा व्होल्ट वाटेतच गेला! उरले साडेचार, आणि बोर्डावरच्या एएमएस1117 ला, म्हणजे पाचाचे 3.3 व्होल्ट करणाऱ्या रेग्युलेटरला, 3.3 च्या वर साधारण 1.1 हवेतच. म्हणजे अगदी काठावर! मग रीसेट होणार नाही तर काय? साध्या मीटरला तो क्षणाचा झटका दिसतसुद्धा नाही, तो सरासरीच दाखवतो. सर्किट चालू ठेवून मीटरचा काळा प्रोब अडॅप्टरच्या निगेटिव्हला आणि लाल बोर्डच्या ग्राउंडला धरा. शून्याऐवजी 80-90 मिलिव्होल्ट दिसले, की वायरच व्होल्टेज खातेय. जाड वायर ओढा, बोर्डापाशी झटका सांभाळायला 470 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. चांगले बोर्ड कशाला फेकता?