पाटणला रस्ता "आत्ता" आला म्हणे

आज एका लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस अभिमानानं सांगत होता, "आमच्या पाटणला आत्ता कुठं रस्ता आला." पानावरून उठावंसं वाटलं.

अरे, गुहागर-विजापूर राज्यमार्ग काय आकाशात होता? गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कऱ्हाड, विटा, जत आणि थेट विजापूर. चिपळूणच्या खाडीत उतरलेला माल याच घाटानं देशावर चढायचा. कोयनेचं धरण याच रस्त्याच्या कडेला उभं राहिलं, घाटाखाली पोफळीचं वीजघर झालं, १९६२ साली वीज सुरू झाली. मुंबईतले कितीतरी दिवे लागले ते आमच्या खोऱ्यातल्या पाण्यावर. आता राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झाला, म्हणजे आधीचं सगळं पुसून टाकायचं?

माझे वडील, अण्णा, बांधकाम खात्यात मैलकुली होते. मैलकुली कोण, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. ठरलेला तुकडा त्याचा. गटारं काढायची, खड्ड्यात खडी-मुरूम भरायचा, कडेच्या झाडांना चुना-गेरूचे पट्टे मारायचे, उन्हाळ्यात नव्या रोपांना कावडीनं पाणी घालायचं. एका पावसाळ्यात रात्री घाटात दरड आली. अण्णा डोक्यावर इरलं घेऊन वळणावर कंदील हलवत उभे राहिले आणि चिपळूणहून येणारी एसटी त्यांनी थांबवली. उजाडेपर्यंत तिथून हलले नाहीत. तो ड्रायव्हर पुढं रिटायर होईपर्यंत आमच्या दारावरून जाताना हॉर्न वाजवून जायचा.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर जमीनदोस्त झालं, तेव्हा कऱ्हाडहून मदत आली ती याच रस्त्यानं. अण्णा तेव्हा नुकतेच कामाला लागले होते. त्या दिवसाबद्दल ते कधीच फारसं बोलले नाहीत.

मान्य, जुना रस्ता अरुंद होता. घाटात दोन ट्रक समोरासमोर आले की खोळंबा व्हायचा, शेवटची काही वर्षं तर नुसती चाळण झाली होती. रुंदीकरण हवंच होतं. पण वड, चिंचा, आंबे सरसकट आडवे करायलाच हवे होते? अण्णांनी कावडीनं जगवलेला वड एका दुपारी मशीननं पाडला. मी समोर उभा होतो. ऑपरेटर कोवळा पोरगा, त्याच्यावर काय ओरडणार? मैलाचे दगड उपटून भरावात टाकले. एक तरी जपून ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

आणि एवढं करून २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर कोसळले, खाली चिपळूण बुडालं. या डोंगरात पाणी कुठून वाहतं, रस्त्याखालची कुठली मोरी आधी तुंबते, हे कागदावर नसतं. ते अण्णांसारख्या माणसांना पाठ होतं. त्यांना कुणी विचारलं? मैलकुलीची पदंच राहिली नाहीत म्हटल्यावर विचारणार तरी कुणाला!

पंगतीतल्या त्या माणसाचा राग आता उतरलाय. त्याला कुणी सांगितलंच नसेल. आपल्यातले जे कोयना भागातले आहेत, ज्यांच्या घरात मैलकुली, मुकादम, एसटीचे ड्रायव्हर होते, त्यांनी खाली नावं लिहा. कुठला तुकडा, कुठलं गाव, कोणती झाडं लावली तेही लिहा. आणि उरलेल्या झाडांवर तोडीचे नंबर टाकायला कुणी आलं, तर आधी मला फोन करा. असेन तिथून येतो.