‘बसलोय’ म्हणण्याचा हक्क

जर्मनीत श्टुटगार्टला आलो त्या वर्षी आईनं सामानात कालनिर्णय दिलं होतं. एका रविवारी सकाळी ते टांगायला म्हणून ड्रिल काढलं. भिंतीत भोक अर्धंही पडलं नसेल, तोच दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या बाई होत्या. रागावलेल्या अजिबात नव्हत्या. मला काही झालंय की काय, अशा काळजीच्या सुरात म्हणाल्या, ‘अहो, आज रविवार आहे.’

रविवारी इथे भिंत ठोकायची नाही, गवत कापायचं मशीन लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्यांचा आवाज होतो. सकाळी काही तास बेकऱ्या उघड्या असतात. स्टेशनातली आणि पेट्रोल पंपावरची दुकानं सोडली तर बाकी सगळी बंद. पहिले कित्येक महिने मला याचा राग यायचा. आठवड्यात एकच दिवस मोकळा आणि त्याच दिवशी साधी कोथिंबीर मिळू नये?

पुढे एका जर्मन सहकाऱ्यानं सांगितलं की ही नुसती जुनी रीत नाही, ते राज्यघटनेत आहे. जर्मनीच्या १९१९ च्या, ‘वायमार’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या घटनेतलं १३९ वं कलम १९४९ च्या घटनेनं जसंच्या तसं उचललं. रविवार आणि सणाचे दिवस हे कामातून विश्रांतीचे आणि ‘झेलिशे एरहेबुंग’चे दिवस म्हणून कायद्यानं राखलेले आहेत, असं ते कलम सांगतं. या शब्दांना आपल्याकडे ‘आत्मिक उन्नती’ म्हणता येईल. बर्लिननं नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडी ठेवायची परवानगी दिली, तेव्हा चर्च न्यायालयात गेली. १ डिसेंबर २००९ ला घटना न्यायालयानं निकाल दिला की दुकानदाराचा गल्ला आणि गिऱ्हाइकाची रोजची खरेदीची हौस, एवढ्यावर रविवार मोडता येणार नाही. एखाद्या देशाच्या कायद्यात माणसाच्या आत्म्यासाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवलेला असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पण कायद्यानं दिवस मोकळा करून दिला म्हणून स्वतःच्या मनाशी गाठ लगेच पडत नाही. ती शांतता मला सोसवेना. पुण्यात असताना मी नेहमी म्हणायचो, ट्रॅफिक, मीटिंगा, फोन यांतून स्वतःकडे बघायला फुरसत कुठे आहे? इथे फुरसत मिळाली, तर मी दिवसभर मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चा लावून ठेवू लागलो, तिन्हीसांजेपर्यंत घरच्या ग्रुपवर निरोप टाकत राहिलो. स्वतःबरोबर एक तास काढायची सवयच उरली नव्हती.

दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत शहराला लागून असलेल्या जंगलात फिरायला गेलो होतो. तिथे रविवारी सगळं गाव पायी फिरतं. एका बाकावर म्हातारं जोडपं भाजलेली चेस्टनट सोलत बसलं होतं. बाईंनी अंगठ्यानं दाबलं की साल सुटायचं आणि आतला गर अख्खा बाहेर यायचा. तो अंगठा बघता बघता मला आजीच्या हातचे भिजवलेले वाल आठवले. परात पुढ्यात घेऊन ती डाळिंब्या सोलायची. एक दाबली की टपकन परातीत. आजी गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी मी हिंजवडीत कामावर हजर होतो. सॉफ्टवेअरची डिलिव्हरी तोंडावर होती. तेव्हा रडू आलं नव्हतं, पुढेही आलं नाही, आणि ते आलं नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या बाकाशेजारी मी साडेतीन वर्षांनी रडलो.

म्हणून गावाकडचा कामाच्या तासांचा वाद ऐकतो तेव्हा जीव तुटतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं. रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची खंत वाटते, घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, असा त्याचा आशय होता. त्यावर आपण भांडलो ते उत्पादकतेवरून. दमलेला माणूस कमी काम करतो, तब्येत बिघडते, चुका वाढतात. हे सगळं खरं आहे. पण म्हणजे विश्रांती हवी ती सोमवारी नीट काम व्हावं म्हणून? रविवार सोमवारसाठी नसतो. माणसाला स्वतःचा, स्वतःच्या माणसांचा काही वेळ हवा, आणि त्यासाठी आणखी कुठलं कारण द्यावं लागू नये.

या सुट्टीचं मोल आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मुंबईच्या गिरण्या चालत, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारची सुट्टी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केलं. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली, दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या आणि १० जून १८९० पासून सुट्टी मिळाली. जेजुरीचा देव आणि गिरणीचा भोंगा एकाच मागणीत आणणारा माणूस आपल्याकडे झाला. आज किती जणांना ही तारीख ठाऊक आहे?

आमच्या घरी सुट्टी गुरुवारी असायची. पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांना तोच वार, विजेच्या वाटपामुळे ठरलेला. बाबा सकाळी स्कूटरचा प्लग काढायचे, रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासायचे, पुसून परत बसवायचे आणि मग ओट्यावर बसायचे. हातात पेपर नाही, काही नाही. जाणारा-येणारा विचारायचा, ‘काय चाललंय?’ बाबा म्हणायचे, ‘काही नाही. बसलोय.’ तेवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं. कधी तोही शेजारी टेकायचा. सगळ्या कॉलनीला एकाच दिवशी सुट्टी, म्हणून बसण्याला मान होता.

आईला मात्र गुरुवार कधीच मिळाला नाही. उलट त्या दिवशी दोन वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक. हे मला इतक्या उशिरा दिसलं याची लाज वाटते. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना ओट्यामागचं स्वयंपाकघर विसरून चालणार नाही.

मागच्या महिन्यात एका रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. तो पुण्यात वाकडला राहतो. ‘काय करतोयस दादा?’ मी म्हटलं, ‘काही नाही रे, बसलोय.’ क्षणभर थांबून त्यानं विचारलं, ‘बरं नाहीये का तुला?’

त्याच्या तीव्र काळजीनं मला खालच्या मजल्यावरच्या बाई आठवल्या. त्यांना रविवारी काम करणारा माणूस आजारी वाटला होता आणि माझ्या भावाला रविवारी काही न करणारा.

भाऊ इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलाय. त्याला त्याचा फायदा झाला, मी ते नाकारत नाही. पण अकराव्या दिवशी तो त्याच वाकडमध्ये उतरला, त्याच ग्रुपवर, त्याच साहेबाच्या रात्री साडेदहाच्या फोनवर. शहरं माणसाचा सगळा वेळ खातात, आणि आपण म्हणतो की ज्यानं त्यानं आपलं आपलं मन सांभाळावं. एकट्यानं ते होत नाही. सगळ्यांचे फोन चालू असताना एकट्यानं आपला बंद ठेवला तर त्याचं मन फोनपाशीच असतं.

आणि पुण्यातला माझा निवांत रविवार फुकट नव्हताच. दहा मिनिटांत दूध आणून देणाऱ्या पोराचा, मॉलच्या दारावरच्या वॉचमनचा, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा रविवार त्यात खर्ची पडत होता. इथे सुपरमार्केटच्या काउंटरवर बसणाऱ्या बाई मला त्या जंगलात कुत्रा घेऊन फिरताना भेटतात. कोथिंबीर मिळत नाही ती यासाठी, आणि आता त्याचा राग येत नाही.

इथेही हे कायमचं ठरलेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात चान्सलर मेर्त्स यांनी चार दिवसांचा आठवडा आणि काम-आयुष्याचा समतोल यांनी देशाची समृद्धी टिकणार नाही, असं सांगितलं. गावाकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा आणि दुकानं-आस्थापनांतली नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, जास्तीच्या कामाला कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकार म्हणतं. संमतीचा कागद पुढे सरकवल्यावर कंत्राटावरचा पोरगा ‘नाही’ लिहू शकेल? मी पुण्यात नोकरी करताना शनिवार-रविवारसाठी कितीदा ‘हो’ म्हटलं ते मला आठवतं. माझ्याकडे पदवी होती, बँकेत पैसे होते, तरी एकदाही ‘नाही’ म्हणू शकलो नाही.

डिसेंबरमध्ये तीन आठवड्यांसाठी घरी येतोय. भावाला म्हटलंय, एका रविवारी काही मागवायचं नाही, कुठे जायचं नाही, दोघांचे फोन कपाटात. स्वयंपाक आपण दोघं करू, डाळिंब्या मी सोलीन, आईला स्वयंपाकघरात फिरकू द्यायचं नाही. ओटा आता नाही, बाल्कनी आहे. बाबांच्या खुर्चीशेजारी आणखी एक टाकता येईल.

‘बघू,’ म्हणाला. ‘ऑफिसचं रिलीज कधी आहे ते बघून सांगतो.’