उंदीर, गोल बाटली आणि विकत घेतलेले ब्रँड

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पॅराशूट खोबरेल बनवणाऱ्या मॅरिको कंपनीवरच्या माझ्या लेखाला तुमचा आक्षेप असा: हे बडे अधिकारी स्वतः काही उभं करत नाहीत, दुसऱ्याने घाम गाळून वाढवलेला ब्रँड विकत घेतात आणि मारून टाकतात, पॅराशूटसुद्धा निव्वळ जाहिरातीवर मोठं झालं. पहिल्या भागात तथ्य आहे, त्याकडे येतोच. पॅराशूटबद्दल मात्र मला अजिबात पटलेलं नाही.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. सकाळी फळ्या काढल्या की कुरतडलेल्या साबणाच्या वड्या नि फाटलेले बिस्किटांचे पुडे आधी वेगळे काढायचे, मग गिऱ्हाईक. नुकसान आमच्याच अंगावर. वितरक एकही नग बदलून देत नसे. म्हणून मला पॅराशूटच्या गोल बाटलीची गोष्ट महत्त्वाची वाटते. पूर्वी खोबरेल पत्र्याच्या डब्यात यायचं. प्लॅस्टिक स्वस्त पडत होतं, पण दुकानदार घ्यायलाच तयार नव्हते. आधी कुणीतरी आणलेल्या चौकोनी प्लॅस्टिक बाटल्या उंदरांनी फोडल्या होत्या आणि तेल बाकीच्या मालावर सांडलं होतं. मॅरिकोचे संस्थापक हर्ष मारीवाला आणि त्यांच्या माणसांनी बाटली गोल केली, म्हणजे दातांना धरायला कोपराच उरत नाही. बाहेरून तेलाचा थेंब राहणार नाही हेही पाहिलं. मग त्या बाटल्या उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवल्या. बाटल्या शाबूत राहिल्या, आणि तो पुरावा घेऊन ते दुकानदारांकडे गेले. हे जाहिरातीचं काम नव्हे. मशीद बंदरच्या घरच्या धंद्यात १९७१ पासून मुरलेल्या आणि १९९० मध्ये मॅरिको वेगळी काढणाऱ्या माणसाला दुकानदार कशाला घाबरतो ते ठाऊक होतं.

आता विकत घेण्याबद्दल. कोका-कोलाने १९९३ मध्ये पार्लेच्या रमेश चौहान यांच्याकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट हे शीतपेयांचे ब्रँड घेतले. गोल्ड स्पॉट बाजारातून गेलं. लहानपणी ते प्यायलेल्या माझ्यासारख्याला त्याची हळहळ आजही आहे, आणि इथे तुमचा राग रास्त आहे. पण उलटंही घडतं. निहार हे खोबरेल हिंदुस्थान लिव्हरकडे होतं. २००६ मध्ये मॅरिकोने ते घेतलं, स्वतःच्या पॅराशूटशी स्पर्धा करणारं असूनही, आणि जगवलं.

पुरुषांच्या दाढी-केसांची उत्पादनं विकणाऱ्या बिअर्डोचा व्यवहार बघा. २०१७ मध्ये मॅरिकोने ४५ टक्के हिस्सा घेतला, उरलेला २०२० मध्ये. पुण्याच्या ट्रू एलिमेंट्स या पौष्टिक खाद्यपदार्थांच्या ब्रँडमध्येही २०२२ मध्ये सुमारे ५४ टक्केच घेतला. असा टप्प्याटप्प्याचा व्यवहार मला जास्त बरा वाटतो, कारण ज्याने ब्रँड जन्माला घातला त्याचा जीव आणि पैसा दोन्ही त्यात अडकलेले राहतात. सगळं एका दिवसात घेऊन मूळ माणसांना घरी पाठवलं, तर गिऱ्हाईक कोण आणि ते का येतं, हे माहीत असलेलं माणूसच कंपनीत उरत नाही. गुंतवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला मी जोखतो ते इथे.

एक चूक मात्र तुम्ही नेमकी पकडलीत. ‘ब्रँड विकणं हे उद्योजकाचं यशच’ असं मी सरसकट लिहिलं होतं. गोल्ड स्पॉट आठवल्यावर ते वाक्य मलाच टिकवता येईना. लेखातून ते आज काढलं आहे.