शब्द कुठेही ठेवले, तर अर्थ तोच राहतो का?

मराठीत शब्द कोणत्याही क्रमाने लिहिले तरी अर्थ बदलत नाही, ‘च’, ‘ही’, ‘तर’ ही निव्वळ भरतीची अक्षरे आहेत, इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’सारखी उपपदे नसल्यामुळे ओळखीची वस्तू आणि अनोळखी वस्तू यांतला फरक मराठीला दाखवता येत नाही, आणि खानदेशात क्रियापदानंतर नाम बोलण्याची जी सवय आहे ती अशुद्ध आहे, असे सांगणारा मजकूर जळगाव-धुळ्याकडे मोबाइलवर वारंवार फिरतो. शिकवणारी माणसेही तो विश्वासाने पुढे पाठवतात, म्हणून त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या विधानातला अर्धा भाग खरा आहे. प्रत्ययांमुळे कर्ता कोण आणि कर्म कोणते हे कळते, त्यामुळे क्रम बदलला तरी घडलेली घटना तीच राहते. वाक्य मात्र तेच राहत नाही. ‘काकांनी केळी रावेरहून पाठवली’ हे ‘कुठून?’ या प्रश्नाचे उत्तर आहे, तर ‘रावेरहून केळी काकांनी पाठवली’ हे ‘कोणी?’ या प्रश्नाचे. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते मराठीत साधारणपणे आधी येते आणि जे नव्याने सांगायचे आहे ते क्रियापदाच्या लगत बसते. प्रश्नवाचक शब्दाची नेहमीची जागाही तीच आहे. बोलताना आवाजाचा जोर देऊन हा क्रम मोडता येतो, पण कागदावर आवाज नसतो, आणि म्हणूनच लिहिताना क्रमाकडे अधिक लक्ष द्यावे लागते. प्रागचे भाषाशास्त्रज्ञ विलेम माथेसियस (१८८२–१९४५) यांनी वाक्याचा आरंभबिंदू, म्हणजे आधीच ठाऊक असलेले, आणि त्याचा गाभा, म्हणजे नव्याने सांगायचे, असा जो भेद मांडला, त्यामागेही चेक भाषेतला असाच लवचीक शब्दक्रम होता.

‘च’ला भरती म्हणणाऱ्याने एखाद्या कार्यालयाची सूचना वाचून पाहावी. ‘अर्ज शुक्रवारीच स्वीकारले जातील’ या वाक्याने बाकीचे वार बाद होतात, तर ‘शुक्रवारी अर्जच स्वीकारले जातील’ या वाक्याने अर्जाखेरीज बाकीची सगळी कामे बाद होतात. दोन्हींतला ‘च’ काढला, तर गुरुवारी अर्ज घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवण्याचा आधारच उरत नाही. ‘तर’चेही तसेच आहे: कापूस विकून आलेला शेतकरी ‘पावती तर मिळाली’ म्हणाला, की पैसे अजून मिळालेले नाहीत हे घरच्यांना न सांगता कळते.

उपपदांचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. ‘ओट्यावर माणूस बसला आहे’ यातला माणूस ऐकणाऱ्याला नवा आहे. ‘माणूस ओट्यावर बसला आहे’ यातल्या माणसाविषयी आधी काही बोलणे झालेले आहे. ‘मजूर शोधतो आहे’ म्हणणाऱ्याला कोणीही मजूर चालेल, ‘मजुराला शोधतो आहे’ म्हणणाऱ्याला मात्र एक ठरावीक मजूर हवा आहे.

राहिला अशुद्धपणाचा आरोप, आणि तो मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यामुळे मुलांना आपल्या घरच्या बोलीची लाज वाटू लागते. भुसावळच्या फलाटावर ‘आली का गाडी?’ असे विचारले जाते, तेव्हा गाडी ही विचारणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या दोघांच्याही मनात आधीच असते, म्हणून ती क्रियापदानंतर गेली तरी चालते. मराठी बोलणारे सगळीकडेच असे बोलतात. यामागे नियम आहे की नाही, हे तपासणेही सोपे आहे. ‘कोण आलं?’ या प्रश्नाला ‘मावशी आली’ हे उत्तर केव्हाही चालते. ‘आली मावशी’ असे म्हणायचे, तर मावशीची वाट पाहणे आधीपासून चाललेले असावे लागते. खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो, पण माहितीची ही मांडणी बदलत नाही: ‘माले भाकर दे’ म्हणणारा काय हवे ते सांगतो, आणि ‘भाकर माले दे’ म्हणणारा ती कोणाला द्यायची ते सांगतो.