उण्याचं काय एवढं!

गणित एका ओळीचं. पूर्वेकडे ५०,००० न्यूटन प्रति कूलॉमचं इलेक्ट्रिक फील्ड, त्यात उणे दोन मायक्रोकूलॉमचा चार्ज. फोर्स किती आणि कुठे? चिरंजीव अकरावी सायन्सला, मी बी.एस्सी. फिजिक्स. एफ बरोबर क्यू गुणिले ई, ०.१ न्यूटन. चार्ज निगेटिव्ह, म्हणजे दिशा फील्डच्या उलट: पश्चिम. क्लासने दिलेल्या उत्तरांच्या कागदावर मात्र ‘पूर्व’.

तेवढ्यात वरचे काका विरजण मागायला आले. काकांची हयात विजेच्या खांबांवर गेलेली. ‘इलेक्ट्रिक’ ऐकलं की ते वाटी बाजूला ठेवून खुर्ची ओढतात.

“अर्थिंग कुठंय यात?”

“काका, नुसता चार्ज आहे. हवेत.”

“बरं. फेज किती?”

“फेज नाही. फील्ड दिलंय, चार्ज दिलाय, संपलं.”

“मग ०.१ न्यूटन म्हणजे वजनात किती?”

“दहा ग्रॅमचं वजन असतं ना, साधारण तेवढं.”

काका पोट धरून हसले. “दहा ग्रॅमसाठी पोरगं रात्रीचं जागवलंस?” मग अकरा केव्हीच्या लाइनवरचं माकड निघालं, माकडावरून पावसाळा, पावसाळ्यावरून कुठल्याशा साहेबांची बदली. साहेब नागपूरला रुजू झाले तेव्हा कुठे काकांची नजर कागदावर गेली.

“हे काय, पूर्व छापलंय की!”

“ते चुकलंय. चार्ज उणे आहे.”

“उण्याचं काय एवढं! क्लासवाले वेडे आहेत का?”

“काका, माझं बी.एस्सी. फिजिक्समध्ये झालंय.”

“हो गं, पण प्रॅक्टिकल नॉलेज वेगळं. बाळा, तू छापलेलंच लिही.”

आणि कार्ट्याने लिहिलं! माझ्या डोळ्यांदेखत, निळ्या पेनाने, खाली दोन रेघा मारून.

उण्याचं काय, हे अमेरिकन शास्त्रज्ञ मिलिकनला विचारा. १९०९ च्या सुमारास तो तेलाचे थेंब दोन पट्ट्यांमध्ये अधांतरी धरू बघत होता. थेंब निगेटिव्ह असेल तर फील्ड खालच्या दिशेने लावायचं, तेव्हा फोर्स वर लागतो आणि वजनाला तोलतो. त्यावरून इलेक्ट्रॉनचा चार्ज काढला, १९२३ चं नोबेल घेतलं. आमच्या क्लासच्या हिशेबाने थेंब दुप्पट जोरात खाली आपटला असता. पण मिलिकनच्या वर कोणी काका राहत नसावेत.

सकाळी क्लासला फोन लावला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. “मॅडम, पेपर त्याच कागदावरून तपासतात. बदलता नाही येणार.”

“म्हणजे बरोबर लिहिलं तर मार्क जाणार?”

“ते सर सांगतील, सर बॅचवर आहेत. मॅडम, तुमचा दुसरा हप्ता राहिलाय. लेट फी लागेल हं.”

हप्ता उणे करून पाठवावा म्हणते.