घरोघरी पिस्तूल मागणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येतोय. नेरूळ-खारघरकडच्या ग्रुपवरही तोच फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पोलीस वेळेवर पोचत नाहीत, म्हणून प्रत्येक सज्जन कुटुंबाला पिस्तुलाचा परवाना हक्काने मिळावा. मग चोर फिरकणार नाहीत, आणि सज्जनाच्या हाती शस्त्र सुरक्षितच असतं. इंग्रजांनी आपल्याला निःशस्त्र केलं, पुढच्या सरकारांनी तेच चालू ठेवलं. इस्रायल, स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदुका आहेत म्हणून तिथे लोक सुरक्षित आहेत. आणि शेवटी, गोळ्या झाडणारे मनोरुग्ण असतात. त्यांची यादी करा, बाकीच्यांना शस्त्रं द्या.

हे पुढे पाठवणारी माणसं वाईट नाहीत, घाबरलेली आहेत. शेवटच्या लोकलने उतरून रिक्षा शोधणाऱ्या मुलीच्या आईची भीती खरीच असते. म्हणून थट्टा न करता उत्तर द्यायला हवं.

इंग्रजांबद्दलचा मुद्दा खरा आहे. १८७८ चा शस्त्र कायदा उघड भेदभावाचा होता: गोऱ्यांना सूट आणि आपल्या माणसांना परवाना. पण पुढचा इतिहास फॉरवर्डमध्ये गाळलाय. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती घटना समितीत मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. म्हणजे विषय विसरला गेला नव्हता, विचार करून नाकारला गेला होता. १९५९ चा कायदा आपल्याच संसदेने केला. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला त्यात अर्ज करता येतो. आणि स्वतःचा, दुसऱ्याचा बचाव करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहेच. त्याला परवाना लागत नाही.

चोर फिरकणार नाहीत, हा दावा फार वेळ टिकत नाही. मे महिन्यात गावी गेलेल्यांची, गणपतीत कोकणात गेलेल्यांची बंद घरं फुटतात. कपाटातलं पिस्तूल तेव्हा चोराच्याच हाती लागेल. साखळी खेचणारा मोटारसायकलवरून मागून येतो. पर्समधलं शस्त्र हाताला लागेपर्यंत तो पुढच्या सिग्नलपलीकडे गेलेला असतो.

‘सज्जनाच्या हाती शस्त्र सुरक्षित’ हे वाक्य मला जास्त धोकादायक वाटतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात खुनाचे २८,५२२ गुन्हे आहेत. त्यांतले ९,९६२ वादातून घडले, ३,७६१ वैरातून. लाभासाठी केलेले खून १,८८४. म्हणजे माणूस मरतो तो बऱ्याचदा ओळखीच्या माणसाशी झालेल्या भांडणात. अशी भांडणं प्रत्येक सोसायटीत आहेत, पार्किंगवरून, गळतीवरून, वडिलोपार्जित जागेच्या हिश्श्यावरून. त्यांत पिस्तूल आणून पाहा.

लांब जायला नको. २ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याच ठाणे जिल्ह्यात, उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला. पार्श्वभूमी जमिनीच्या वादाची, गुन्हा दाखल झाला तो तेव्हाच्या आमदारावर. पोलीस तिथेच होते, तरी गोळ्या सुटल्या. लगेच ८ फेब्रुवारीला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्हवर असताना मारण्यात आलं. ते पिस्तूल परवान्याचं होतं, मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं. परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा. घरातल्या पिस्तुलाचंही हेच होऊ शकतं. तिथे दुसरा हात सोळा वर्षांच्या मुलाचा असू शकतो.

आता इस्रायल. तिथल्या सैन्यात तरुण सैनिकांच्या आत्महत्या वाढल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच सुट्टीला घरी गेल्यावर, सोबतच्या रायफलीने झालेल्या होत्या. २००६ मध्ये सैन्याने नियम बदलला: आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना शस्त्र छावणीतच ठेवायचं. आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. मुलं तीच होती, त्यांचे ताण तेच होते, फक्त वाईट रात्री रायफल हाताशी नव्हती. स्वित्झर्लंडमध्येही २००३-०४ मध्ये सैन्य निम्म्यावर आणल्यावर घरांतल्या लष्करी बंदुका कमी झाल्या आणि त्या वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या घटल्या. फॉरवर्डवाल्यांनी उदाहरणं चांगली निवडली आहेत, ती पूर्ण वाचायला हवीत.

अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीने सुमारे ४८,००० माणसं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांतले जवळपास नऊ जीव घेतात. एरवी प्रयत्नातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती वेळ टळते आणि माणूस जगतो. आपल्या देशात २०२२ मध्ये १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली, सर्वाधिक महाराष्ट्रात, २२,७४६. आपल्या घरांमध्ये पिस्तुलं नव्हती म्हणून प्रयत्नानंतरही आणखी कितीतरी जण वाचले असतील, याचा विचार मला सोडत नाही.

शेवटचा मुद्दा मनोरुग्णांच्या यादीचा. तो वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. ठाण्यातल्या मनोरुग्णालयाचं नाव आपण पिढ्यान्पिढ्या एकमेकांना चिडवायला वापरलं, आणि त्यामुळे किती घरांनी आजार लपवला ते आपल्यालाच माहीत. गंभीर मानसिक आजार उद्या पूर्ण नाहीसे झाले तरी एकूण हिंसाचार चारेक टक्क्यांनीच घटेल, असं अमेरिकेतले अभ्यास सांगतात. हे रुग्ण मारणाऱ्यांपेक्षा मार खाणाऱ्यांत जास्त असतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक त्रास होता आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. यादी निघाली तर उरलेलेही दवाखान्याची पायरी चढणार नाहीत. परवान्याची आशा असलेला माणूस तर मुळीच नाही.

परवान्यासाठी मानसिक-शारीरिक तंदुरुस्तीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र २०१६ च्या नियमांत आहे. पण २०१९ पासून परवाना पाच वर्षं चालतो. या पाच वर्षांत धंदा बुडतो, दारू वाढते, घर मोडतं, आणि विचारायला कुणी येत नाही. मागणी करायचीच असेल तर ही करू: मधल्या काळात तपासणी व्हावी, नूतनीकरणाच्या वेळी घरातल्या माणसांशी वेगळं बोललं जावं, आणि ‘यांचं शस्त्र काही दिवस पोलीस ठाण्यात जमा करून घ्या’ असं बायकोने सांगितलं तर त्याच दिवशी ते व्हावं. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रं जमा करून घेतातच, म्हणजे यंत्रणा आहे. आणि तोवर तो फॉरवर्ड आलेल्या प्रत्येक ग्रुपवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाका. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.